समोरून, वरून, बाजूने

आज कूलरवाला येऊन गेला. गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत ओरबाडून काढून त्याने नवा वाळा भरला, पाणी सोडलं, पंखा जरा कुरकुरला आणि मग ओल्या वाळ्याचा वास घरभर झाला. भोपाळचा उन्हाळा माझ्यासाठी त्या वासापासून सुरू होतो. बाहेर गाडीवाला ती आंबटगोड फळं, फालसे, ओरडून विकत जातो, बहाव्याचे पिवळे घोस रस्त्यावर लोंबायला लागतात, दुपारी दार उघडलं की भट्टीचं झाकण उघडल्यागत होतं. ह्या वासावर कुणाला सरबत आठवेल, कुणाला आजोळ. मला किसणी आठवते.

साधी स्टीलची, कैरी किसायची किसणी. त्या किसणीने आमचा एक अख्खा उन्हाळा निभावून नेला, असं मी म्हटलं तर लोकांना वाटतं हिचंही आता सुरू झालं.

आमचे हे बरखेड्याच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. आधी ड्रॉइंग काढायचे, बढती मिळाल्यावर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढायचे, आणि घरी आले की माझ्या. पोळीच्या कडेला अंगठा लावून म्हणायचे, "इकडे जाड, तिकडे पातळ. हे कसं पास करायचं?" मी म्हणायचे, "नापास करा आणि उपाशी झोपा." मग मुकाट्याने चार खायचे. बरखेड्याचं क्वार्टर सुटलं, साकेत नगरात घर बांधलं, त्याच्या खिडक्या गवंड्याकडून दोनदा काढून पुन्हा बसवून घेतल्या. कॉलनीत गवंडी मिळेनासे झाले ते तेव्हापासून.

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी शब्द गेले, मग माणसं गेली, आणि एका थंडीत मीही गेले. म्हणजे मी होते तिथेच, स्वयंपाकघरात. पण ह्यांच्या लेखी हे घर म्हणजे कारखान्याचं कुठलंतरी गेस्ट हाउस झालं, हे स्वतः टूरवर आलेले, आणि मी तिथली व्यवस्था बघणारी बाई. एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "जागा स्वच्छ आहे, जेवणही बरं असतं. बाई तेवढ्या तोंडाळ आहेत." मी पदर तोंडाशी धरून हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले, तेही सांगून टाकते.

दिवसभर टूर सुखाने चालायची. संध्याकाळ झाली की टूर संपायची. हे पिशवीत एक चप्पल, उशीचा अभ्रा आणि टीव्हीचा रिमोट भरायचे आणि दाराशी येऊन उभे राहायचे. "बाई, गाडी आली का? मला घरी सोडा, बरखेड्याला." नाही म्हटलं की कडी ओढायची, दारावर थापा मारायच्या. घामाघूम व्हायचे, थरथरायचे. डोळ्यांत अशी भीती असायची की मला माझाच राग यायचा, जणू मीच डांबून ठेवलंय. मी हात धरून कॉलनीला एक चक्कर मारून आणायची आणि आपल्याच फाटकाशी येऊन म्हणायची, "चला, आलं बरखेडा." कधी पटायचं. कधी म्हणायचे, "हे तर तेच गेस्ट हाउस आहे," आणि ते अगदी बरोबर असायचं.

पुण्याहून अमोल, आमचा मुलगा, रोज फोन करायचा. त्याने तिकडे अशा माणसांना सांभाळणारी एक चांगली जागा शोधून ठेवली होती. बाग आहे, नर्स आहेत, दाराला कुलूप आहे. "आई, तू किती ओढणार एकटी? पावसाच्या आधी मी येतो आणि बाबांना घेऊन जातो. तूही ये, माझ्याकडे राहा, आठवड्यातून दोनदा भेटत जा." भेटत जा! लग्नाच्या नवऱ्याला व्हिजिटिंग अवरमध्ये. पण मी नाही म्हटलं नव्हतं. आधल्याच आठवड्यात ह्यांच्या थापेने माझं मनगट सुजलं होतं. त्या उन्हाळ्यात माझ्यापुढे तो एकच प्रश्न होता, पाऊस येईल तेव्हा हे ह्या घरात असतील की नाही.

निदा आमच्याकडे आली ती ह्याच दिवसांत. जवळच्याच मोठ्या इस्पितळातून शिकून बाहेर पडलेली, घरोघर जाऊन अशा माणसांकडून काहीबाही करून घेणारी मुलगी. तिच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. चित्र, माती, रंग, असलं करवून घेते म्हणाली. मी विचारलं, "इससे याद वापस आएगी?"

"नहीं आंटी, झूठ क्यों बोलूँ. याद-वाद नहीं आती. बस वो एक घंटा अच्छा निकल जाता है. उनका भी, आपका भी."

इतकं स्वस्त आश्वासन मला आजवर कुठल्या डॉक्टरने दिलं नव्हतं. म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला.

पहिल्या दिवशी तिने रंगवायचं पुस्तक आणलं. त्यात एक बदक. ह्यांनी बदक हातात घेतलं, चष्मा वर केला, पुस्तक आडवं धरलं, उभं धरलं. "किसने बनाया? वजन सारा आगे है. ये खड़ा नहीं रहेगा, मुँह के बल गिरेगा." आणि पुस्तक परत. दुसऱ्या खेपेला माती आली. तिचा ह्यांनी सुबक चौकोनी ठोकळा केला, तो टेबलावर ठेवला आणि हात धुऊन आले. काम झालं. रंगपेटीकडे बघून म्हणाले, "ये पेंट शॉप का काम है, हमारा नहीं."

निदा हार मानणारी नव्हती. मला म्हणाली, "आंटी, शायद हिंदी में ऑफिस वाला दिमाग़ चालू हो जाता है. मादरी ज़बान में बोल के देखूँ? मराठी में 'चित्र बनाइए' को क्या बोलते हैं?"

मी म्हटलं, "चित्र काढा."

तिने ते चार वेळा घोकलं, ह्यांच्यापुढे जाऊन बसली, हात हातात घेतला आणि भोपाळी गोडव्याने म्हणाली, "बाबा, चित्र काडा."

हे उठले. स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि भिंतीवरचं चित्र काढून खाली ठेवलं.

ते चित्र म्हणजे माझ्या नणंदेने लग्नात दिलेले भरतकामाचे दोन हंस. एकाची मान मोडल्यासारखी, दुसरा त्याच्याकडे दोषारोप करत बघणारा. ते काढायची हिंमत घरात आजवर कुणाला झाली नव्हती, मला तर मुळीच नाही. ह्यांनी ते काढलं, जमिनीवर भिंतीला पाठ लावून ठेवलं आणि निदाकडे वळून विचारलं, "और?" मी कधी नव्हे ते देवाला मनापासून हात जोडले.

निदा गोंधळली. मी तिला समजावायला गेले आणि आणखीच फसले. मराठीत चित्रही काढतात आणि भिंतीवरून उतरवतात तेही काढतातच. शिवाय आम्ही फोटो काढतो, झोप काढतो, राग काढतो, माणसाची समजूत काढतो, चुका काढतो, आजारपण काढतो, वाईट दिवस काढतो. दूर गेलेल्याची आठवणसुद्धा काढतो. ती डोळे विस्फारून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आंटी, आप लोग सब निकालते ही निकालते हो! डालते कब हो?"

आम्ही दोघी हसत होतो त्यामुळे ह्यांच्याकडे लक्ष नव्हतं. हे भिंतीसमोर उभे होते. जिथे हंस होते तिथला रंग वर्षानुवर्षं उजेड न लागल्याने कोरा राहिला होता. आजूबाजूला मळकट पिवळी भिंत आणि मधे स्वच्छ चौकोन, चारी कडा सरळ. ह्यांनी त्यावरून तळहात फिरवला, कागदावरून फिरवायचे तसा. मग माझ्याकडे न बघता हात मागे केला. "पेन्सिल."

मी वाण्याच्या यादीची बोथट पेन्सिल दिली. तिच्याकडे बघून ह्यांनी जे तोंड केलं ते मी सासूबाईंच्या तोंडावर पाहिलं होतं, मी पहिल्यांदा वरण केलं तेव्हा. ब्लेड मागितलं. ब्लेड द्यावं की नाही, ह्यावर मी आणि निदा एकमेकींकडे बघत राहिलो. निदाने 'द्या' अशी मान हलवली आणि ह्यांच्या कोपराशी हात धरून उभी राहिली. सकाळी शर्टाची बटणं वर-खाली लावणाऱ्या त्या बोटांनी लाकूड लांब सोललं, शिसं एका कागदावर घासून त्याला चपटी धार आणली. एकदाही चुकले नाहीत.

आधी त्या चौकोनाच्या आत हंसांच्याच फ्रेमची कड लावून समास आखला. खाली उजव्या कोपऱ्यात नावाची चौकट आखली. मग इकडेतिकडे बघितलं. गॅसवर माझा कुकर होता, त्याची शिट्टी वाजली. हे म्हणाले, "ती आणा."

"गरम आहे."

"थांबतो."

आणि ह्यांनी कुकरची शिट्टी काढली. समोरून, वरून, बाजूने, ड्रॉइंग ऑफिसच्या रीतीप्रमाणे तीन वेळा. खाली लिहिलं, "वाफ गळते." शिट्टी खरंच गळत होती. मी महिनाभर रिंग बदलत होते, दोष शिट्टीत होता.

त्या संध्याकाळी गाडी आली का, असं ह्यांनी विचारलं नाही. ओव्हरटाइम चालू होता.

मग आमचं तंत्रच बसलं. ऊन कललं की मी एक चित्र काढायची आणि हे त्या जागी दुसरं काढायचे. हंसांच्या जागी शिट्टी. गुलमर्गच्या कॅलेंडरच्या जागी सांडशी. निवृत्तीच्या दिवशीच्या ग्रुप फोटोच्या जागी पोळपाट, आणि त्याच्या खाली माझ्यासाठी शेरा, "गोल नाही." कागदावर काढायला तयार होत नसत. कागद हलतो, भिंत हलत नाही, असं कारण सांगितलं. मला पटलं. ज्याच्या डोक्यातलं सगळंच हलतंय, त्याला न हलणारं काहीतरी हवंच की. पण दुसऱ्या खोलीतलेही चौकोन भराभर संपत चालले. भिंतीला असा कोरा चौकोन यायला पंधरा-वीस वर्षं लागतात, तितकी सवड आमच्याकडे नव्हती. शेवटी निदाने मोठा ड्रॉइंगचा कागद भिंतीवर चारी कडांनी घट्ट चिकटवला आणि भोवती मळकट पट्टी रंगवली. ह्यांनी कोपरे दाबून पाहिले, तेव्हा कुठे तो पास झाला.

आणि मग आली किसणी.

मी साखरांब्यासाठी कैऱ्या किसत होते. खोलीत वाळ्याचा वास, त्यात कैरीचा आंबट वास, कूलरची टपटप. ह्यांनी माझ्या हातातून किसणी घेतली, रसासकट. बारीक बाजू, मोठी बाजू. प्रत्येक भोक काढायचं ठरवलं. प्रत्येक भोक! ओळीने, सारख्या अंतरावर, आधी मध्य ठरवून मग गोल. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली, किसणी संपेना. मी कैऱ्या सुरीने चिरून साखरांबा केला, तो फसला, कुणी तक्रार केली नाही. हे मान खाली घालून भोकं काढत होते आणि हळूच गुणगुणत होते. ह्यांना गुणगुणता येतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. सूर अगदीच बेताचा होता, पण ऐकत राहावंसं वाटत होतं.

मला तेव्हा शोध लागला की शांतता भोकांत असते. मी घरभर भोकं असलेल्या वस्तू शोधत फिरायला लागले. चाळणी, झारा, शेवेच्या सोऱ्याची जाळी, न्हाणीघराच्या मोरीची जाळी. निदा आली की पर्समधून काढायची, "आंटी, देखो, क्या लाई हूँ," आणि चहाची गाळणी दाखवायची. दोन शहाण्या बायका गाळणीत भोकं किती ह्याचा आनंद करताहेत, असं दृश्य होतं ते.

रोज असं व्हायचं नाही. एका संध्याकाळी झारा जमेना. दांड्याची रेघ तीनदा वाकडी गेली, आणि हे रेघ पुसता पुसता थांबले. हात बघत राहिले. मग पेन्सिल भिंतीवर फेकली आणि म्हणाले, "बाई, मला काहीतरी होतंय." इतकंच. आजारात पहिल्यांदा आणि शेवटचं. मी पेन्सिल उचलून टोक केलं, माझ्या पद्धतीने, म्हणजे वाईट. ते टोक बघून ह्यांना इतका राग आला की दुःख मागे पडलं. मला शिकवायला बसले. पेन्सिल अशी धरायची, ब्लेड असं. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला शिकवलेली आणि मला आलेली ती एकमेव गोष्ट.

पुढे मी ह्यावर पुष्कळ विचार केला. माणूस नाव विसरतो, गाव विसरतो, जेवलो की नाही हे विसरतो, तरी त्याच्यात कुणीतरी असतं, ज्याला काहीतरी नीट करायचं असतं. त्या कुणाला तरी काम मिळालं की तो बाहेर येऊन बसतो. आपण आजारी माणसाला सारखं विचारतो, मी कोण, आज वार कोणता, पंतप्रधान कोण. रोज परीक्षा, रोज नापास. शिट्टी समोर ठेवली की प्रश्न संपले. ती काय आहे हे सांगायचं नाही, फक्त बघायचं आणि काढायचं. मलाही त्या तासात सारखं मी कोण हे सिद्ध करावं लागायचं नाही. मी शेजारी बसून लसूण सोलायची. दोन माणसं एका खोलीत आपापलं काम करताहेत. संसार म्हणजे तरी बहुतेक वेळा दुसरं काय असतं?

आता हे फक्त गोल काढतात. समोर काहीही ठेवा, डबा, कैरी, माझा चष्मा, कागदावर गोलच येतो, तोही तुटका. निदा म्हणते, "चलने दो." मी चलने देते. आज हे कूलरच्या वासावर डोळे मिटून बसले होते आणि बोट हवेत फिरत होतं. मी बोटाखाली कागद सरकवला.

पण त्या उन्हाळ्याचं सांगत होते. पावसाचे ढग दिसायला लागले, उकाडा चिकट झाला, वाळ्यालाही कुबट वास येऊ लागला, आणि अमोलचा फोन आला की येतोय. तो यायचा होता त्या दिवशी दुपारी मी भिंतीजवळ स्टुलावर बसून लोणच्याचा मसाला निवडत होते. काहीच ठेवलं नव्हतं समोर, मला सुचतच नव्हतं. हे आपले आपण उठले, कागदाशी गेले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, सरळ बसा. हलू नका."

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्या सांगण्यावरून सरळ बसले. पेन्सिल अंतरावर धरून, एक डोळा मिटून माझं माप घेत होते. मोजमाप करून माझं नाक काढलं, लायकीपेक्षा लांब. चष्मा काढला, हनुवटीखालची दुसरी हनुवटी काढली, ती वगळली असती तरी चाललं असतं. समोरून मी झाले. मग स्टुलामागे येऊन, मान वाकवून वरून बघितलं. वरून मी म्हणजे एक मोठा गोल, त्याला चिकटलेला अंबाड्याचा लहान गोल, आणि मधे भांगाजवळ केस विरळ झालेत तिथे तिरप्या रेघा. ड्रॉइंग ऑफिसच्या रीतीत पोकळ भाग दाखवायला तशा रेघा मारत नाहीत, भरीव भागाला मारतात. म्हणजे हा आदर होता की काय, मी अजून ठरवू शकलेले नाही.

तेवढ्यात दार उघडून अमोल आत आला. हातात मोठी बॅग, हलकी, रिकामी असावी तशी. त्याने भिंती बघितल्या. शिट्टी, सांडशी, पोळपाट, किसणी. "आई, हे काय? बाबा भिंतींवर..." वाकून ह्यांच्या पाया पडला. हे म्हणाले, "या. कुठल्या सेक्शनचे?"

अमोलचा चेहरा पडला. तो माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "आई, चल जरा आत. मला बोलायचंय. परवाची तिकिटं आहेत," आणि मला दंडाला धरून उठवायला लागला.

"अहो!" हे ओरडले. दोन पावलं पुढे आले. हातात पेन्सिल, तिचं टोक अमोलच्या छातीकडे. "हिला हलवू नका."

ह्यांना नाही, बाईंना नाही. हिला.

अमोलने हात सोडला. "बाबा," त्याने विचारलं, "कोण आहे ही?"

हे माझ्याकडे बघत राहिले. कूलर टपटपत होता. मला वाटलं, नको होतं ह्याने विचारायला.

"ते ठाऊक नाही," हे म्हणाले. मग कागदाकडे वळले, तिसऱ्या जागेसाठी सरळ रेघ आखायला घेतली. "पण तिला घेऊन जाऊ नका. अजून एक बाजू राहिलीय."

अमोल बॅगेवर बसला. मी नाक पुसलं नाही, हललेच नाही.